नऊ नंबरची हाक

"खाट नंबर नऊ. औषधाची वेळ झाली आहे."

भर दुपारी दोन वाजता बायकांच्या वॉर्डात ही हाक घुमली आणि निम्म्या खाटांवरच्या बायकांनी डोक्यावर पदर ओढून घेतला. नऊ नंबरच्या खाटेवर कुणीच नव्हतं. गादी गुंडाळून कडेला लावलेली, उशाशी रिकामं लोखंडी कपाट, खाली कुणाची तरी राहून गेलेली रबरी चप्पल. त्या खाटेवरची अक्काताई मगदूम रविवारी सकाळीच गेली होती. आज बुधवार होता.

सिस्टर सलोमी लोंढे टेबलामागून माझ्याकडे बघत होत्या. टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आठनंतर एकदम दहा नंबरचं कार्ड होतं, नऊची जागा मोकळी. ज्या बाईचं कार्डच राहिलं नव्हतं तिच्या खाटेची हाक कॉम्प्युटर मारत होता. आणि आवाज माझा होता.

"ऐकलंस?" सिस्टर म्हणाल्या. "रविवारपास्नं हेच चाललंय. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. अक्काताईच्या गोळ्यांच्या वेळा. एक चुकत नाही."

"सिस्टर, कुठंतरी काहीतरी अडकलंय..."

"बायका तेच म्हणायल्यात. अक्काताईचा जीव अडकलाय म्हणून." त्यांनी आवाज खाली आणला. "सात नंबर काल स्वतःच्या जबाबदारीवर घरी गेली, सही देऊन. ताप उतरला नव्हता तिचा. माझा असल्यावर विश्वास नाही, सुनेत्रा. पण खरं सांगू? कालपास्नं मी पण त्या खाटेकडं पाठ करून बसत नाही."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. स्वतःचा आवाज आपण बोलावल्याशिवाय आपल्याला ऐकू यायला लागला की कसं वाटतं, ते सांगून कळायचं नाही.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते आणि सांगलीतल्या एका सहा माणसांच्या कंपनीत काम करत होते. मिरजेतल्या एका जुन्या ट्रस्टच्या हॉस्पिटलसाठी आम्ही हा फळा केला होता. पडद्यावरचा फळा. प्रत्येक खाटेचं एक कार्ड, त्यावर पेशंटचं नाव, औषधं, तपासण्या, वेळा. वेळ झाली की कार्ड लाल व्हायचं आणि हाक यायची. हाकेसाठी बाईचा स्पष्ट आवाज हवा होता. ऑफिसात बाई म्हणावी अशी मी एकटीच. एका दुपारी पंखा बंद करून, खिडक्या लावून मी एक ते अठ्ठावीस आकडे बोलले आणि नंतर सगळ्यांकडून चहा वसूल केला.

हे सगळं रचणारे आमचे नाडगौडा सर. पन्नाशीचे, निपाणीचे, बोलताना प्रत्येक गोष्टीला घरातलं उदाहरण शोधणारे. फळा बसवला त्या दिवशी सिस्टरांनी त्यांना विचारलं होतं, "पण हे चालतं कसं, ते सांगा की. बिघडलं तर मला कळायला नको?"

"सिस्टर, ह्यात दोन जावा आहेत," सर म्हणाले.

"जावा?"

"एक जावा, दुसरी जावास्क्रिप्ट, कॉम्प्युटरच्या दोन भाषा. नावावरून सख्ख्या वाटतात, पण नात्याच्या नाहीत. थोरली आत बसते, तुमच्या त्या मागच्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरात. कोण आलं, कोण गेलं, कुणाला काय कधी द्यायचं, सगळं तिच्या डोक्यात. धाकटी बाहेर, ह्या पडद्यावर. मांडामांड, रंगरंगोटी, हाका मारणं तिच्याकडं. दोघींचं समोरासमोर बोलणं नाही, नुसती निरोपानिरोपी."

"म्हणजे आमच्या घरच्यासारखंच," सिस्टर म्हणाल्या आणि वॉर्डातल्या दोन्ही मावशी हसल्या.

"धाकटी माझ्याकडं आहे," मी फुशारकीनं सांगितलं.

"हो. आणि म्हणून हिला मी एक नियम घालून दिलाय," सर म्हणाले. "कार्ड पडद्यावरून काढायचं तर नुसतं ओढून काढायचं नाही. आपण गणपती तसाच उचलून नेतो का? आधी उत्तरपूजा. मूर्ती जागची हलवायची, मग विसर्जन. तसं धाकटीनं आधी त्या कार्डाला टांगलेल्या हाका, घंटा सगळं सोडवायचं, थोरलीला कळवायचं, आणि थोरलीनं मांडलेलं थोरलीनंच उचलायचं. एकटीनं परस्पर काही केलं, की दुसरीच्या लेखी ते घरातच राहतं."

त्या कामाला प्रोग्राममध्ये आम्ही नावच 'उत्तरपूजा' दिलं होतं.

सिस्टर मान हलवत म्हणाल्या, "आमच्यात उत्तरपूजा नाही, पण समजलं. टाके काढल्याशिवाय पेशंट घरी सोडायचा नाही."

मला त्या त्याच दिवशी आवडल्या. साठीला आलेल्या, निवृत्तीला आठ महिने राहिलेले, चष्म्याला काळी दोरी. शिकवताना एक शब्द दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "आणि हे चुकलं तर?"

"मशीन चुकत नाही, सिस्टर," मी म्हणाले. "आणि विसरत तर मुळीच नाही. माणसं विसरतात."

सिस्टरांनी ते नुसतं ऐकून घेतलं. पण त्या माझ्यासारख्या नव्हत्या, ऐकलेलं त्या ध्यानात ठेवायच्या.

कार्ड काढायला मी तीन बटणं दिली होती. 'घरी सोडले', 'दुसऱ्या वॉर्डात' आणि 'मृत्यू'. तिसरं बघून सिस्टरांनी चष्मा काढला.

"हे काढ."

"पण सिस्टर, ते लागणारच ना कधीतरी..."

"लागणार. पण ह्या टेबलाशी बसून, तिकडं तिची लेक रडत असताना, मी तिच्या नावावर हे बटण दाबणार नाही. आमच्यात मेली म्हणत नाहीत. खाट सुटली म्हणतात."

सरांना ते पटलं. मलाही पटलं. मृत्यूचा कागद तसाही नोंदणी खोलीत जायचा. तिथल्या कारकुनानं नोंद केली, की थोरली आतल्या आत कार्ड उचलून घेईल, असं ठरलं. वॉर्डातल्या कुणालाच काही दाबायला नको. किती चांगला उपाय, असं आम्ही तिघंही म्हणालो. ते बटण मी त्याच दिवशी काढून टाकलं.

आणि माझ्या लक्षात आलं नाही, की मृत्यूच्या वेळची उत्तरपूजा मी त्या बटणालाच बांधली होती.

दोन महिने वॉर्डात कुणी गेलं नाही, म्हणून काही कळलं नाही. अक्काताई पहिली. तिचं कार्ड थोरलीनं उचललं. धाकटीला कुणी सांगितलंच नाही. तिच्या लेखी अक्काताई नऊ नंबरवर होती आणि तिच्या गोळ्यांच्या वेळा होत होत्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केला तरी हाका परत यायच्या, कारण लाइट गेली तरी त्या विसरू नकोस, असं मीच तिला शिकवलं होतं.

बुधवारी दुपारी सिस्टरांच्या टेबलावरून मी सरांना फोन लावला. ते गौरी-गणपतीला निपाणीला गेले होते. मागं झांजा वाजत होत्या.

"कळलं मला काय झालं ते," सर ओरडून बोलत होते. "हात लावू नको. दोन्हीकडून नीट सोडवावं लागेल. एकटीनं ओढायला गेलीस तर दुसऱ्या कुणाच्या हाका तुटतील. सोमवारी मी येतो."

"सोमवारपर्यंत वॉर्डात कुणी राहणार नाही, सर!"

"नऊ नंबर रिकामी ठेवा आणि सिस्टरांना खरं काय ते सांग. आणि सुनेत्रा, परस्पर..."

झांजांत पुढचं बुडालं. मला ते ऐकू आलं नाही असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. आलं होतं.

सिस्टर समोर उभ्या होत्या. पलीकडं पाच नंबरवरची पोरगेली बाळंतीण रडत होती, तिची सासू तिच्या उशाखाली लिंबू ठेवत होती. मी ऑफिसात परत गेले, कारण फळ्यातला बदल तिथूनच तारेनं धाडता यायचा, आणि एक ओळ लिहिली. एकच. नऊ नंबरची कुठलीही हाक आली, की गिळून टाक आणि कार्ड लाल करू नकोस. बस्स. काढलं काहीच नाही, नुसता तोंडावर हात ठेवला. खाट रिकामीच तर होती. सोमवारी सर आले की नीट करू.

सहाच्या ठोक्याला मी वॉर्डात हजर होते. सहा वाजले. सहा वाजून पाच मिनिटं झाली. नऊ नंबर गप्प.

सगळ्या वॉर्डानं श्वास सोडला. सिस्टरांनी माझा हात धरला. "काढलंस?"

"काढलं."

"समूळ?"

"समूळ, सिस्टर."

हा शब्द मी का वापरला, मला माहीत नाही. 'तात्पुरतं गप्प केलंय' एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण त्यांच्या तोंडावर इतका विश्वास होता, की मला त्या विश्वासाएवढं मोठं व्हावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, काही फॉर्म घ्यायला मी साडेअकराच्या सुमारास वॉर्डात गेले, तर नऊ नंबरवर बाई होती.

गादी पसरलेली, स्वच्छ चादर, आणि चादरीवर मांडी घालून बसलेली चाळिशीची हसऱ्या तोंडाची बाई. तिची जाऊ खाली चटईवर. सिस्टर लांबूनच म्हणाल्या, "बघ, भरली तुझी खाट! कुणी घ्यायला तयार नव्हतं. मी सांगितलं, आमच्या बाईनं काल समूळ काढलंय, आता काही नाही. ही मालन पाटोळे, शिरढोणची. हिचं काळीज घट्ट आहे."

"घट्ट कसलं बाई," मालन म्हणाली. "खाली जमिनीवर निजायचं, न्हाईतर हितं. मेलेल्याला भिऊन जित्यानं फरशीवर निजावं व्हय?"

मी खाटेजवळ गेले. कसंबसं मी विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

"साखर. कधी चढतीय, कधी उतरतीय. सकाळी सुई दिलीया. दोनला बोटातलं रक्त बघणार हायत, उतरली का म्हणून." तिनं कॉम्प्युटरकडं हनुवटी केली. "ते बोलवतंय म्हणं. तुमचाच आवाज हाय त्यात?"

"हो."

"मग माझं नाव घील का ते? मालनबाई म्हणून?"

"नावं नाही घेत. नुसता नंबर."

"असू दे. नऊ तर नऊ," ती हसली. "हाक मारली म्हंजे झालं."

मी सिस्टरांकडं बघितलं. त्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी सलाईन लावत होत्या. वीस पावलं चालून जाऊन सांगायचं होतं: सिस्टर, नऊ नंबरची हाक येणार नाही, आज दोनला तुम्हीच लक्ष ठेवा. वीस पावलं. पण मग त्या विचारणार, का येणार नाही? काल तर समूळ म्हणालीस.

मी मनात म्हटलं, अजून अडीच तास आहेत. ऑफिसात जाऊन ओळ काढून टाकते. कुणाला कळायचंही नाही.

मिरज-सांगली ते काय अंतर! साडेबाराला ऑफिसात पोचले आणि जिन्यातच अंधार. लाइट गेली होती. तेव्हा भारनियमन होतं, पण आमच्या भागाची वेळ सकाळची. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं, "तार तुटलीय कुठंतरी. येईल तासाभरात."

मी खुर्चीवर बसले. एक वाजला. दीड वाजला. समोर टेलिफोन होता, काळा, लाइटीवर न चालणारा. वॉर्डाचा नंबर मला पाठ होता. पावणेदोनला मी रिसीव्हर उचलला, चार आकडे फिरवले आणि ठेवून दिला. दोनला पाच कमी असताना परत उचलला. काय बोलायचं ते मनात जुळवलं. 'सिस्टर, सहज फोन केला, नऊ नंबरची साखर बघितली का?' पण त्या हुशार बाईला हे सहज वाटलं नसतं. त्यांनी विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं. लाइट येईलच आता, असं म्हणून मी तोही ठेवला.

दोन वाजले. माझ्या घड्याळात मी ते वाजताना बघितले.

लाइट सव्वातीनला आली. मी ओळ काढली. पावणेचारला वॉर्डातून फोन आला, दुसऱ्या कामाचा. बोलता बोलता पलीकडची पोरगी म्हणाली, "इकडं धावपळ आहे मॅडम. नऊ नंबर बेशुद्ध सापडली. झोपलीय म्हणून कुणी उठवलं नाही."

साखर उतरली होती. तिची जाऊ दीडला जेवायला खाली गेली होती. 'दोनला हाक मारतातच की,' असं मालनच तिला म्हणाली होती. परत आली तर मालन भिंतीकडं तोंड करून पडलेली, निवांत वाटली. शनिवारी पहाटे मालन गेली.

सोमवारी सकाळी अधीक्षकांच्या खोलीत चौकशी झाली. मोठं टेबल, एका बाजूला अधीक्षक आणि मेट्रन, दुसऱ्या बाजूला सिस्टर सलोमी, आणि कोपऱ्यात मी, मशीनच्या वतीनं. टेबलावर थोरलीनं छापलेला कागद होता. 'गुरुवार, दुपारी २.००. खाट ९. रक्तातील साखर. हाक दिली. प्रतिसाद नाही.' थोरलीनं वेळ झाल्यावर निरोप धाडला होता आणि आपल्या वहीत तसं लिहून ठेवलं होतं. बाहेर तो गिळला गेला, हे तिला कळायला मार्गच नव्हता.

"सिस्टर, हाक आली होती?" अधीक्षकांनी विचारलं.

सिस्टरांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "मला आठवत नाही, सर. मी तेवीस नंबरपाशी होते, तिला उलटी होत होती. पण..." त्या थांबल्या. "रविवारपास्नं बुधवारपर्यंत नऊ नंबरची हाक येत होती, खोटी. आम्ही कानाआड करायला शिकलो होतो. मला वाटतं, हाक आली असणार आणि माझ्या कानानंच ती गिळली."

गिळली. त्यांनी अगदी हाच शब्द वापरला.

अधीक्षक माझ्याकडं वळले. "बाई, मशीननं हाक दिली होती का?"

खोलीत पंखा फिरत होता. सिस्टर माझ्याकडं बघतच नव्हत्या, हातातल्या कागदाकडं बघत होत्या. मला वाटलं, आता तोंड उघडलं की खरं बाहेर पडेल.

"नोंदीत आहे, सर," मी म्हणाले.

शब्द न् शब्द खरा होता. मी आयुष्यात इतकं खोटं कधी बोललेले नाही.

"मशीन विसरत नाही," सिस्टर हळूच म्हणाल्या. "हिनंच सांगितलं होतं मला."

त्याच संध्याकाळी नाडगौडा सर निपाणीहून आले. प्रसादाचे मोदक टेबलावर ठेवले, कॉम्प्युटर लावला आणि अर्धा तास पडद्यावरच्या नोंदी वाचत राहिले. कुणी कधी काय लिहिलं आणि कधी काढलं, ते सगळं आमच्याकडं जपलेलं असतं. ओळ काढली तरी काढल्याची खूण राहते.

"बुधवारी साडेचारला लिहिलीस," ते पडद्याकडं बघत म्हणाले. "गुरुवारी तीन वाजून एकवीस मिनिटांनी काढलीस."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं.

"सिस्टरांना माहीत आहे?"

"नाही."

"अधीक्षकांना?"

"मी म्हटलं, नोंदीत आहे."

ते उठले आणि खिडकीपाशी गेले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. "अगं, बटण काढायला मीही हो म्हटलं होतं," ते म्हणाले. "तेवढं पाप माझं. हॉस्पिटलला पत्र मी लिहितो, सही आपण दोघं करू. पण सिस्टरांकडं तू जायचंस. तू मांडलंयस ते त्यांच्या डोक्यात. तूच उचलायचं."

मी लगेच गेले असते तर? ह्याचं उत्तर मला नको आहे. मी नऊ दिवस लावले. आज जाते, उद्या जाते. तोवर पत्र पोचलं, हॉस्पिटलनं फळा बंद केला, चौकशीच्या कागदावर लाल शाईनं 'यंत्रातील दोष, परिचारिकेवर ठपका नाही' असं लिहून फाइल मिटवली. आणि सिस्टरांनी निवृत्तीला सहा महिने उरलेले असताना राजीनामा दिला.

त्यांचं घर स्टेशनच्या मागं होतं. बैठं, दारात पांढरी सदाफुली. त्या गहू निवडत बसल्या होत्या. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं, एका दमात, बटणापासून टेलिफोनपर्यंत. "हाक आलीच नाही, सिस्टर. तुमच्या कानापर्यंत काही आलंच नव्हतं. मी गिळली ती. मी."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता त्या मला हाकलतील. मला तेच हवं होतं.

"ये, बस," त्या म्हणाल्या. "माझं मन राखायला आलीस व्हय?"

"नाही सिस्टर, खरंच..."

"पत्र वाचलं मी. तुझे सर भले आहेत. पण मला आता आठवतंय की. तेवीसपाशी वाकले होते मी, आणि तुझा आवाज आला. खाट नंबर नऊ. मी मनात म्हटलं, असू दे, अक्काताई बोलवतीय." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "लेकरा, तू का स्वतःवर घेतीस? छत्तीस वर्षं नोकरी केली. हाक कुणाची आहे ते मला कळायला पाहिजे होतं."

मी शपथा घेतल्या. ओळीचा छापलेला कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि बायबलात ठेवला, मला वाईट वाटू नये म्हणून. नऊ दिवसांत ती हाक त्यांच्या आत जाऊन बसली होती. मी कागदावरून काढली, पडद्यावरून काढली. तिथून ती निघेना.

त्यानंतर मी ते काम सोडलं नाही. आजही तेच करते, धाकटीचंच. माझ्या हाताखालच्या मुलांना मी एकच गोष्ट कडक सांगते: दोन्हीकडून सुटल्याशिवाय काढलं म्हणायचं नाही. त्यांना वाटतं बाई जरा विचित्र आहेत.

सिस्टर आता पंच्याहत्तरीच्या आहेत. मला ओळखतात, कधी ओळखत नाहीत. दर गुरुवारी मी मिरजेला जाते. सून दार उघडते, चहा ठेवते. मागच्या गुरुवारीही गेले होते. सिस्टर खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. गवारीच्या शेंगा मोडता मोडता सुनेच्या आजारपणाचं, चर्चच्या नव्या रंगाचं बोलणं चाललं होतं. मध्येच त्यांचा हात थांबला. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते.

"नऊ नंबर," त्या म्हणाल्या. "बोलवतीय बघ."

सून माझ्याकडं बघून हसली, कसनुसं. "रोज असतं. दोन वाजले की. आम्ही लक्ष देत नाही आता."

"कुणाचा आवाज आहे, सिस्टर?" मी विचारलं. इतक्या वर्षांत हे मी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं. "कुणाचा म्हणजे? तुझाच की. तुला ऐकू येत नाही व्हय?"

"येतो, सिस्टर," मी म्हणाले. "तुम्ही बसा. मी बघून येते."

दर गुरुवारसारखी मी उठले. आतल्या खोलीत एक पलंग होता, नीट चादर घातलेला, रिकामा. त्याच्यापाशी जाऊन उभी राहिले. वीस पावलंसुद्धा नव्हती. जरा वेळानं बाहेर आले आणि पुन्हा त्यांच्याजवळ बसले.

"बघितलीस साखर?"

"बघितली. उतरली होती. साखरपाणी दिलं लगेच. उठून बसलीय."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, हाक मारली म्हणजे झालं."

सिस्टरांनी मान हलवली आणि पुढची शेंग हातात घेतली. "गुरुवारी बरं असतं," त्या सुनेला म्हणाल्या. "गुरुवारी कुणीतरी उठून जातं तरी."

सुनेनं माझ्यासमोर चहा ठेवला. उद्या शुक्रवार होता.